निशाचा अठरावा महिना

पिंपळटोल्याच्या अंगणवाडीत साधनाला बावीस वर्षं झाली होती. सिंदेवाहीहून फाट्यापर्यंत बस, फाट्यापासून आत अडीच किलोमीटर पायी नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर. मागे जंगल, पुढे धानाच्या बांद्या, म्हणजे खाचरं, आणि मधे साठेक घरं, एवढंच गाव. नवरा धनराज बल्लारपूरला कोळसा खाणीत, साधना गावातच राहायची, तो रविवारी यायचा. एकुलती लेक चंद्रपूरला नर्सिंग शिकून तिथंच नोकरीला लागली होती. गावातल्या निम्म्या पोरांचा हात धरून साधनानंच पाटीवर पहिली रेघ ओढून घेतली होती. काम तिचं चोख. वजन वेळेवर, आहार वेळेवर, कागद वेळेवर. महिन्याच्या बैठकीत सुपरवायझर मॅडम बाकीच्या सेविकांना म्हणायच्या, "जरा साधनाबाईंचं काम पाहत जा." घरात दाराच्या वर तिच्या प्रशस्तिपत्राची चौकट लावलेली होती.

गेलं सव्वा वर्ष त्या दारातून येता-जाता ती वर पाहत नाही.

कारण निशा. नानाजीची नात, हेमराज आणि कमळाची पोर. हेमराज राईस मिलमध्ये हमाली करायचा, कमळा स्वतःची दीड एकर सांभाळून दुसऱ्यांच्या धानाच्या रोवणीला जायची. निशा दीड वर्षाची असताना तालुक्याहून तपासणीची गाडी येणार होती. त्याआधी सेविकेनं घरोघरी जायचं, एकेका लेकराला समोर बसवायचं आणि मोबाईलात उत्तरं भरायची. एकटं चालतं का? हाक मारली की पाहतं का? दाणा दोन बोटांनी उचलतं का? दोन शब्द बोलतं का?

त्याच आठवड्यात साधनाच्या लेकीचा नर्सिंगचा प्रवेश होता. दाखले, झेरॉक्स, सही, शिक्का. साधना दोनदा सिंदेवाहीला आणि एकदा चंद्रपूरला जाऊन आली. घरोघरी जायला दिवस उरलाच नाही. शेवटच्या संध्याकाळी, जिथं रेंज लागते त्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून तिनं बेचाळीस लेकरांची उत्तरं एका बैठकीत भरली. हो, हो, हो, हो.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. कमळा निशाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. साधनाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, हे माह्याकडं पाहतच नाई. मूठ उघडत नाई. डाक्टरले जरा सांगा ना."

साधनानं निशाकडे पाहिलं. पोर भिंतीवरच्या उन्हाच्या कवडशाकडे बघत होती, दोन्ही मुठी छातीशी घट्ट. काहीतरी चुकतंय हे साधनाला त्याच क्षणी कळलं. इतक्या वर्षांत तिनं काही कमी लेकरं पाहिली नव्हती. पण नाव दिलं तर मायलेकीला घेऊन दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात तिलाच जावं लागणार होतं, आणि दुसरा दिवस प्रवेशाचा शेवटचा होता.

"काही पोरं उशिरा करतात, कमळा," ती म्हणाली. "हेमराज तरी कुठी लवकर बोलत होता? पुढच्या खेपेस दाखवू."

डॉक्टरांनी यादीवरून बोट फिरवत विचारलं, "कुणी विशेष?" साधना म्हणाली, "नाही साहेब, सगळे ठीक."

लेकीचा प्रवेश झाला. प्रशस्तिपत्र त्याच वर्षी मिळालं, शंभर टक्के नोंदी वेळेत म्हणून. पुढची गाडी सहा महिन्यांनी आली, तेव्हा आधीचं "हो" बदलायचं म्हणजे ते कसं भरलं हे सांगावं लागलं असतं. साधनानं ते तसंच राहू दिलं. त्या दिवशी कमळा आलीही नाही.

तीन वर्षांची झाल्यावर निशा अंगणवाडीत येऊ लागली. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळायची, कुणी हात लावला की चावायची. दोन बायांनी तक्रार केली. साधनानं कमळाला सांगितलं, "हिले घरीच ठेव. आहार मी डब्यात देईन." कमळा डबा घेऊन गेली.

त्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत साधना नानाजीच्या घरावरून चालली होती. छपरीच्या खांबाला निशा बांधलेली होती. कमरेभोवती जुन्या लुगड्याची पट्टी, शेजारी पाण्याचा गिलास, आणि पोर डोकं मागे मागे खांबावर आपटत होती, तालात, जणू तिचं ते कामच होतं. म्हातारा ढोरांमागे गेलेला. साधना थांबून राहिली आणि कमळा बांदीतून आल्याबरोबर तिच्यावर बरसली. "लेकराले असं ढोरासारखं बांधतात का?"

कमळाच्या पायाला पोटरीपर्यंत चिखल होता. तिनं आधी पट्टी सोडली. मग म्हणाली, "मंग तुम्ही ठेवता का, बाई?"

साधना आली तशी निघून गेली.

निशा चार वर्षांची झाल्यावर सिंदेवाहीला एका संस्थेनं लेकरांसाठी उपचार केंद्र काढलं. साधना स्वतः मायलेकीला घेऊन गेली. उशिरा का होईना आपण काहीतरी करतोय, असं तिनं मनाला समजावलं होतं. तिथं करिश्मा होती. बल्लारपूरची, पेपर मिलमधल्या कामगाराची मुलगी, सव्वीस वर्षांची, केस बारीक कापलेले. लेकरांचे हातपाय, तोल आणि रोजची कामं सुधारण्याचं शिक्षण तिनं घेतलं होतं. खोलीत रंगीत चेंडू होते, गाद्या होत्या, वर घूं घूं करणारी ट्यूबलाईट होती. निशा उंबऱ्यातच आडवी पडली आणि किंचाळू लागली. करिश्मानं दहा मिनिटं वाट पाहिली, मग लाईट बंद करून सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं. तिथं कडुनिंबाचं झाड होतं. निशा झाडापाशी गेली, खरबरीत सालीला आधी गाल लावला, मग मूठ. थोड्या वेळानं मूठ उघडली.

कमळा पुटपुटली, "घरीबी असंच करते. खांबाले."

करिश्मानं स्वतः सालीवरून हात फिरवून पाहिला. "हिचा दवाखाना बाहेर आहे," ती म्हणाली. "मी गुरुवारी तुमच्या गावात येत जाईन."

दिवाळीनंतर ते सुरू झालं. गावाच्या बाजूला बोडी होती, म्हणजे धानाला पाणी देणारा लहानसा तलाव, आणि बोडीच्या पाळीला मोकळी जागा. सकाळी नानाजी आधी जाऊन ओल्या मातीत वाघाचे पाय उमटलेत का ते पाहून यायचा. उमटलेले असले तर त्या गुरुवारी सगळे शाळेच्या पटांगणात. करिश्मा आणायची फक्त एक पिशवी. बाकी सगळं तिथंच होतं. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात निशाला लोळवायचं. वाळूनं भरलेलं टोपलं दोन्ही हातांनी उचलून दहा पावलं न्यायचं. बांदीच्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अनवाणी चालायचं. आंब्याच्या फांदीला पोत्याचा झोका बांधून त्यात पोटावर झोपवायचं आणि हलकेच हलवायचं. चिखलाचे गोळे दाबायचे.

"हे तर आमी रोजच करतो," नानाजी एकदा हसून म्हणाला. "याले शिक्षण लागते?"

"तुमच्या शरीराला ठाऊक आहे नानाजी, हात कुठं आहे, पाय कुठं आहे," करिश्मा म्हणाली. "हिच्या शरीराला ते नीट कळत नाही. म्हणून ती डोकं आपटते, म्हणजे निदान डोकं तरी कळतं. जड काही उचललं, घट्ट काही दाबलं की तिला सगळं अंग कळतं. मग आपटायची गरज उरत नाही."

साधना ते ऐकत उभी होती. खांबाला आपटणारं ते डोकं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि ती उगाचच टोपलं भरायला वाकली.

ती सगळं शिकली. करिश्मा आठवड्यातून एकदा यायची, उरलेले दिवस साधनाच निशाला बोडीवर न्यायची, अंगणवाडी सुटल्यावर, स्वतःच्या वेळेत. संक्रांतीपर्यंत निशा धुऱ्यावरून एकटी चालू लागली. रात्री सलग झोपू लागली. कमळा येईल-जाईल त्याला सांगायची, "साधनाबाईनं माही पोर उभी केली." असं कानावर पडलं की साधनाला वाटायचं, कुणी हे थांबवावं.

फेब्रुवारीत करिश्मानं निशाची जुनी कागदपत्रं मागवली. एका गुरुवारी ती नानाजीच्या छपरीत मोबाईल घेऊन बसली, समोर कमळा, बाजूला साधना.

"इथं लिहिलंय, अठराव्या महिन्यात दाणा दोन बोटांनी उचलते, हाकेला पाहते, दोन शब्द बोलते," करिश्मा म्हणाली. "हे येत होतं आणि मग गेलं, असं असेल तर गोष्ट वेगळी आहे. मेंदूची तपासणी करावी लागेल. नागपूरला."

"कधीच नाई येत होतं जी," कमळा म्हणाली. "पयल्यापासून असंच."

"आया विसरतात, कमळाताई. हे त्याच वेळी लिहिलेलं आहे." करिश्मा साधनाकडे वळली. "ताई, तुम्हीच भरलंय ना? उचलत होती ना तेव्हा?"

आता सांगावं, असं साधनाच्या मनात आलं. शब्दही आले होते. पण कमळा तिच्याकडे बघत होती, इतक्या विश्वासानं. "लिहिलं हाये म्हणजे... असंल," ती म्हणाली.

कमळानं मान खाली घातली. बाईनं सांगितलं म्हणजे आपलीच आठवण चुकली असणार, असं तिला वाटलं असावं.

हेमराज आणि कमळा निशाला घेऊन नागपूरला गेले. दोन दिवस. पोरीला तिघांनी धरून सुई टोचली, झोपवून त्या दणदणत्या मशीनमध्ये घातली. ती अर्ध्यातच जागी झाली, म्हणून पुन्हा सुई. साधना ते दोन दिवस अंगणवाडीत लेकरांना गाणी म्हणून दाखवत होती आणि मधेच ओळ विसरत होती.

परत आल्यावर निशा खाटेखाली शिरली आणि बाहेर येईना. हात पुन्हा मुठीत. बोडीचं नाव काढलं तरी किंकाळी. साधना भेटायला गेली तेव्हा कमळा चहा ठेवत होती. डोळे जागरणानं सुजलेले, पण चेहरा हलका.

"मेंदूत काईच नाई म्हणे, बाई," ती म्हणाली. "सगळं साफ निघालं. चांगलंच झालं ना, दाखवलं ते?"

साधना चहा न घेताच उठली.

पुढच्या गुरुवारी फाट्यावर बसची वाट पाहताना तिनं करिश्माला सगळं सांगितलं. टाकीच्या पायऱ्या, लेकीचा प्रवेश, बेचाळीस हो. करिश्मा रस्त्याकडे बघत ऐकत राहिली.

"चुकीचं भरलं, त्याचा नाही मला तेवढा राग," शेवटी ती म्हणाली. "किती काम असतं तुमच्यावर, ते दिसतं मला. पण मी विचारलं तेव्हा तुम्ही समोर होतात, ताई. आणि मीही आईचं ऐकलं नाही, कागदाचं ऐकलं. तेवढी चूक माझी." बस आली. पायरीवर पाय ठेवताना तिनं विचारलं, "कमळाताईला कोण सांगणार?"

"मीच," साधना म्हणाली.

तरी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पहाटे ती गावाबाहेरच्या मोहापाशी गेली. मोहफुलं पडायला लागली होती. बाया दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यानं, वाघाच्या भीतीनं मोठमोठ्यानं बोलत वेचत होत्या. कमळा जरा अलीकडच्या झाडाखाली होती.

"कमळा, मले एक सांगाचं हाये."

"बोला ना बाई." हात वेचतच होते.

"निशा दीड वर्साची होती, तवा तपासाले मी तुह्या घरी आलीच नव्हती."

"ठाऊक हाये. मी वाट पाहिली होती."

"न येताच मी सगळं हो लिहिलं. तिले काय येते, काय नाई, काईच न पाहता. तेच वाचून तुमाले नागपूरले धाडलं."

कमळाचे हात थांबले. "म्हणजे ते सुईचं, त्या मशीनचं... काई गरज नव्हती?"

"नव्हती."

"मी म्हणत होती, कधीच नाई येत होतं. तुम्ही बाजूले बसल्या होत्या. ऐकून राह्यल्या होत्या."

"हो."

कमळा टाचांवर बसली. पलीकडच्या बाया कशावरून तरी हसल्या. "गिरहनात मी भाजी चिरली होती," ती म्हणाली, "निशा पोटात होती तवा. सासू मरेपर्यंत म्हणत होती, त्याच्यानंच पोरीच्या मुठी बंद हायेत. मीबी तेच धरून बसली. चार वर्सं माह्याच हातून झालं म्हून रडत होती, अन् तुम्ही..." तिनं वाक्य सोडून दिलं. "बांधली म्हून तुम्हीच मले बोलल्या होत्या."

साधनानं माफी मागायला तोंड उघडलं.

"जा तुम्ही आता," कमळा म्हणाली.

साधना गेली. त्याच दिवशी तिनं सुपरवायझर मॅडमना लिहून दिलं, अमुक वर्षीच्या नोंदी मी घरी न जाता भरल्या. मॅडम वैतागल्या. "तीन वर्षांपूर्वीचं मढं आता कशाला उकरता? माझ्याही मागे चौकशी लावाल." पण कागद हातात आला होता, पंधरा दिवसांनी खुलासा मागणारं ज्ञापन आलं. धनराजनं ते वाचलं आणि म्हणाला, "पोरीसाठीच केलं होतं ना तू." हे तो धीर द्यायला बोलला, पण साधनाला ते सगळ्यात जड गेलं. लेकीच्या फोटोतल्या पांढऱ्या गणवेशाकडे पाहिलं की तिच्या मनात हिशेब न मागता उभा राही, कुणाचं काय घेऊन कुणाला काय दिलं.

मग तिनं रुमालात हरभऱ्याचे दाणे बांधले आणि गावातल्या प्रत्येक लहान लेकराच्या घरी गेली. प्रत्येकासमोर दाणा ठेवला आणि उचलेपर्यंत बसून राहिली. तीन आठवडे लागले. मंगरूच्या धाकट्याचा डावा हात मागेच राहत होता, ते तेव्हा कळलं. त्यालाही बोडीवर आणलं.

पाच गुरुवार निशा आली नाही. सहाव्या गुरुवारी नानाजी तिला खांद्यावर बसवून घेऊन आला. "घरात डोकं आपटून राह्यली," त्यानं करिश्माला सांगितलं. मग साधनाकडे न पाहता म्हणाला, "सून म्हणते, पोरीले हात तुमीच लावा. साधनाबाईनं नाई."

"बरोबर आहे," साधना म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं निशाला हात लावला नाही. वाळू भरून ठेवायची, झोक्याची गाठ तपासायची, पाळीवरचे काटे वेचायचे, आणि निशा आली की मंगरूच्या पोराला घेऊन दुसऱ्या टोकाला जायचं. उरलेल्या दिवशी निशाला बोडीवर कोण नेणार, हा प्रश्न होता. करिश्मानं नानाजीला शिकवलं. म्हातारा नातीबरोबर धुऱ्यावरून पुढे-मागे चालायचा आणि साधना लांबून बघायची, त्याचा हात चुकीच्या बाजूला आहे हे दिसत असूनही. एकदा न राहवून ती म्हणाली, "नानाजी, डावीकडून धरा." त्यानं धरलं.

पावसाळा सरता सरता कमळा स्वतः येऊ लागली. साधनाशी ती बोलते, कामापुरतं. पण तेव्हापासून ती तिला "मॅडम" म्हणते. बाहेरून आलेल्या साहेबिणीला म्हणावं तसं. गावात दुसरं कुणी म्हणत नाही.

यंदाच्या मोहाच्या दिवसांत निशा आजोबाबरोबर झाडाखाली गेली. अंगठा आणि बोट जुळवून तिनं फूल उचललं, हुंगलं, खाल्लं. दुसरं उचललं, तेही खाल्लं. बऱ्याच वेळानं एक टोपलीत टाकलं. ती आता सहा वर्षांची आहे. शाळेत अर्धा दिवस बसते. पानी, आई, नाई, असे सात-आठ शब्द बोलते. वाईट दिवशी अजूनही चावते. दोन-अडीच वर्षं आधी सुरुवात झाली असती तर आणखी किती झालं असतं, असं साधनानं एकदा करिश्माला विचारलं. करिश्मा म्हणाली, "ते कुणालाच सांगता येणार नाही, ताई." साधनाला वाटलं होतं, ती निदान खोटं तरी बोलेल.

गेल्या महिन्यात बैठकीला तालुक्यातल्या साठेक सेविका होत्या. नव्या तपासणीची माहिती देऊन झाल्यावर साधना उठली. तिनं नाव न घेता एका मुलीची आणि स्वतःचं नाव घेऊन एका सेविकेची गोष्ट सांगितली. पायऱ्यांवर बसून भरलेल्या उत्तरांपाशी आली तेव्हा बऱ्याच जणींनी मान खाली घातली, काही मोबाईलात बघू लागल्या. सुपरवायझर मॅडमनी घड्याळ पाहिलं. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, आणि चहा आल्यावर साधनाच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली.

ती बसस्टँडकडे निघाली तेव्हा मागून कुणीतरी भरभर चालत आलं. जंगलातल्या एका टोल्यावरची, लहान वस्तीवरची रंजीता, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली, पोटाशी पिशवी धरलेली.

"बाई," ती म्हणाली आणि अडली. "माह्याकडे पन एक हाये. मी पन हो लिहिलं हाये."

"किती महिन्याचं?"

"बावीस."

साधनानं तिला बसस्टँडच्या बाकावर बसवलं आणि करिश्माला फोन लावला. पिंपळटोल्याच्या फाट्यावरून जाणारी बस समोर लागली, भरली आणि निघूनही गेली. रंजीता लेकराबद्दल सांगत होती, थांबत थांबत, आणि साधना मधे न बोलता ऐकत होती.